वैनगंगेच्या वाळूवरची चाचणी

मी बोलतोय, पुढे पंखा असलेलं एक जुनं लढाऊ विमान. थोडं ऐकून घ्या. लवकरच मला वितळवणार आहेत.

महायुद्धात परमुलखातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. बरंच वापरून झाल्यावर मी इकडे आलो. एकोणीसशे चोपन्नच्या उन्हाळ्यात मला सावलीजवळच्या माळावर उतरवलं. जमिनीवर लढणाऱ्या शिपायांना वरून मदत करायला कमी खर्चाचं विमान कोणतं, हे हवाई दलाच्या साहेबांच्या समितीला ठरवायचं होतं. माझ्यासमोर होतं नवं जेट. त्याला पक्की धावपट्टी लागे, म्हणून ते लांबून यायचं. मी मात्र माळावर उतरायचो, थोड्या पेट्रोलवर तासभर घिरट्या घालायचो. वाटलं, निवड माझीच होणार.

नदीच्या वाळूत चुन्याचा मोठा गोल आखला होता. तोच शत्रू. चुना टाकायची मजुरी मनसाराम ढिवर आणि त्याच्या बायकोला, गोकुळाला मिळाली होती. काम झाल्यावर सगळ्यांना हटवलं. मासेमारीचं जाळं वाळूतच राहिलं म्हणून गोकुळा मागे फिरली, ते कुणाला कळलं नाही.

पहिली पाळी माझी. मी सावकाश, अगदी खालून गेलो. माझ्या वैमानिकाला, दिघेसाहेबांना, गोलात लुगडं दिसलं. त्यांनी बंदुकीच्या बटणावरचं बोट उचललं.

"खाली बाई आहे, जेटला थांबवा," ते रेडिओवर सांगत राहिले. माझा रेडिओ जुना. पलीकडे नुसती खरखर पोचली.

जेट आलं. त्या वेगात त्याला फक्त पांढरा गोल दिसला. नेम अचूक लागला. गोकुळा वाळूतून उठली नाही.

दुपारी माझ्या पंखाच्या सावलीत समितीचे मोठे साहेब दिघ्यांना म्हणाले, "तुम्हाला बाई दिसली असं लिहिलंत, तर जेटला का दिसली नाही, हे कोणीतरी विचारेल. जेट घ्यायचं वर ठरलंय."

तेवढ्यात मनसाराम आला. अंगावर अजून चुना होता.

"साहेब, तुमी तं खालून उडून राह्यले होते. तुमाले दिसली असन ना ते?"

दिघे आपल्या बुटांकडे बघत राहिले. "नाही दिसली," म्हणाले.

मनसारामनं मान हलवली आणि तो नदीकडे निघून गेला.

अहवालात माझ्यापुढे लिहिलं गेलं: बंदूक अडकली, विमान नापास. खाली दिघ्यांची सही.

आता मी बल्लारपूरच्या भंगारात पडलोय. पत्रा कापून न्या, भांडी करा, माझी तक्रार नाही. फक्त कधी मनसाराम भेटला तर त्याला एवढं सांगा, की बंदूक अडकली नव्हती. गोकुळा आम्हाला दिसली होती.