डावीकडची चित्राहुती

कुमुदने लाल पेन्सिलने संहितेतल्या भुताच्या हातातली मेणबत्ती खोडली. पांढरी साडीही खोडली. नोएडातल्या नव्या स्टुडिओत केबलसाठी भुतांची मालिका लिहिणारा अंशुमन समोर चहा पीत बसला होता. वरच्या मजल्यावरचा मुलगा; जन्म इथला, दिल्लीतल्या आर. के. पुरममधलाच, त्यामुळे मराठी निम्मीशिम्मी. कुमुद कॉलेजात इतिहास शिकवायची, म्हणून पानिपतावरचा भाग तपासून घ्यायला आला होता.

"हे सगळं सिनेमातून उचललंस," ती म्हणाली. "पण पार्वतीबाईंचं खरं आहे. भाऊसाहेब गेले हे त्यांनी मानलं नाही. कुंकू पुसलं नाही. पुढे भाऊ म्हणवणारा तोतयाही आला."

बोलताना तिचा आवाज उगाच चढला. तिचा नवरा विलास बारा वर्षांपूर्वी ऑफिसला म्हणून गेला तो गेलाच. कुमुदच्या कपाळावर कुंकू अजून होतं. त्यावरून लोक मागे काय बोलतात ते तिला पक्कं ठाऊक होतं.

पान उलटलं आणि पेन्सिल थांबली. लढाईतून परतलेलं भूत लोकांपासून दूर कट्ट्यावर बसतं, शिदोरी सोडतं आणि भाताची चार शितं डाव्या बाजूला मांडतं.

"चित्राहुती उजवीकडे घालतात," ती म्हणाली. डावीकडे घालणारा तिने एकच माणूस पाहिला होता. डावखुरा विलास.

"चित्रा-क्या? मला तो वर्ड माहीत नव्हता, काकू. मराठी माणूस जेवतो कसा, विचारलं, तर आजींनी सांगितलं."

कुमुदचं डोकं सणकलं. म्हणजे घरातल्या गोष्टी सासूबाई बाहेर वाटत होत्या!

"आणखी काय सांगितलं आजींनी?"

"बस, हेच. गुडघा धरलाय, खाली बसता येत नाही, म्हणून कट्टा. चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. पण चष्मा मी काढून टाकला. पुराना जमाना आहे ना?"

"बरं केलंस."

विलास गेला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरायचा. चष्मा त्याला कधीच नव्हता.

अंशुमन गेल्यावर ती एकेक संक्रांत आठवू लागली. सासूबाई दर संक्रांतीला मंडळाच्या बसने काला अंबला जात, पानिपतात पडलेल्यांना फुलं वाहायला. डबा मात्र दोघांना पुरेल एवढा नेत. इतकी वर्षं कुमुदला त्यात म्हातारीची भक्तीच दिसली होती. तिला स्वतःचीच चीड आली.

स्वयंपाकघरात सासूबाई तीळ भाजत होत्या.

"आई, या वर्षी मीही येते काला अंबला."

उलथनं थांबलं. "आणि तुझं हळदीकुंकू?"

"रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं."

"थंडी फार असते गं. बघण्यासारखंही काही नाही."

कुमुद तिथून हलली नाही. तीळ करपायला लागले. सासूबाईंनी गॅस बंद केला, पण वर पाहिलं नाही.

"तो एकटा येत नाही गं," त्या म्हणाल्या.