फोटोखालचं नाव

इंद्रकुमार आपल्या बायकोला आयुष्यात कधी चांगलं म्हणाला नव्हता. भाजी जमली तर ताट पुन्हा पुढं सरकवायचा, तीच त्याची शाबासकी. त्यामुळं ज्या दिवशी त्यानं खाटेवर पडल्या पडल्या विचारलं, "आज कोनता फोटो काढली वं? मले बी धाड ना," त्या दिवशी दुर्गेश्वरी चुलीपुढं बसून उगाच हसत राहिली. भोळी म्हणा, वेडी म्हणा. पण लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर नवऱ्यानं पहिल्यांदा असं काही विचारलं, तर कोणती बाई हसणार नाही?

फोटोचं हे खूळ लावलं पोरीनं. प्रेरणा नर्सिंग शिकायला नागपूरला गेली आणि जाताना आपला जुना मोबाईल आईच्या हातात कोंबून गेली. "मले रोज एक फोटो धाडशील आई. गावातला, कायचा बी. नाई तं माहा जीव नाई लागनार तेथी." झालं, दुर्गेश्वरीनं नेमच धरला. रोज एक फोटो. आधी आधी फोटोत तिचंच बोट यायचं, नाही तर म्हशीचं नुसतं शेपूट. मग हात बसला. पहाटे मोहाखाली वाकून फुलं वेचणाऱ्या बाया, तलावाच्या पाळीवर पंख पसरून ऊन खाणारे पाणकावळे, रोवणीच्या चिखलात उमटलेली पावलं. कामठ्याच्या बाजाराला जाणारी कोंबड्यांची टोपली सुद्धा तिनं सोडली नाही.

आणि प्रत्येक फोटोखाली ती नाव लिहायची. 'भैयाजीची म्हैस, रेडकू झालं.' 'मंदाबाईची बांधी, धान पोटरीवर आलं.' खेड्यात मालकाशिवाय वस्तू नसते हो. नुसती 'म्हैस' असं कोणी सांगितलं तर ऐकणारा आधी विचारणार, कोणाची? म्हणून नाव लिहिल्याशिवाय तिला फोटो पुरा झाल्यासारखाच वाटायचा नाही.

सगळ्यात जास्त फोटो शामकलाच्या वाडीचे. शामकला तिची जिवाची मैत्रीण. दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात सुना होऊन आल्या, एकाच विहिरीवर पाण्याचे गुंड भरत एकमेकींची रडगाणी ऐकली. पुढं शामकलाचा नवरा वारला. जमीन मुळातच नव्हती. मग उन्हं तापली, तलावाचं पाणी मागं सरकलं, की उघड्या पडलेल्या गाळात ती वाडी लावायची. काकडी, टमाटर, कोहळं. तलाव ग्रामपंचायतीचा, तिथं कोणी काही लावायचं नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक. शामकला लावते, हेही साऱ्या गावाला ठाऊक. कोणी तोंडातून शब्द काढत नसे. पाऊस आला की वाडी पाण्याखाली जायची आणि विषय संपायचा.

दुर्गेश्वरी गेली की शामकला हातातलं काम टाकून उभी राहायची. "थांब वं, पदर नीट करू दे. तेथी नागपूरच्या पोरी पायतीन मले!"

तर सांगत होतो, इंद्रकुमारला फोटोंची गोडी लागली. रोज संध्याकाळी विचारणं सुरू झालं. "तलावाकडले धाड. वाडीचे लय मस्त येतात तुहे." मग एक दिवस म्हणाला, "मांगच्या उन्हाळ्यातले बी हायेत का? आन् त्याच्या आदल्या?" होते की! दुर्गेश्वरीनं दुपारभर बसून एक एक शोधला आणि धाडला. शेजघरात बसलेल्या नवऱ्याच्या मोबाईलवर तो पोचल्याचा आवाज आला की तिला नव्या नवरीसारखं वाटायचं. या वयात! तिनं शामकलालाही सांगितलं. शामकला काकडी पुसत म्हणाली, "बाप्पा! तुह्या मालकाले माही वाडी आवडाले लागली का वं? आजवर एक काकडी तं नाई घेतली इकत." दोघी खूप हसल्या.

एप्रिलात ग्रामसभा भरली, समाजमंदिरात. दुर्गेश्वरी गेली ती बायांबरोबर, घरकुलाच्या यादीचं काही बोलतात का ते ऐकायला. शामकला तिच्या शेजारीच सतरंजीवर बसली होती, गुडघ्याला गुडघा लावून. मध्येच इंद्रकुमार उभा राहिला. त्याची वीटभट्टी होती, तलावातला गाळ उचलायची परवानगी त्याला पाहिजे होती. तशी ती मिळालीही असती, पण चांगली चिकण माती नेमकी वाडीखाली.

सरपंच सुमित्राबाई म्हणाल्या, "तेथी अतिक्रमन हाय म्हनता तुमी, पन लिहून कोन देते? कोनी पायलं हाय का?"

भैयाजी वर टिनाकडं पाहू लागला. मंदाबाईनं पदर झटकून पुन्हा खोचला. एवढा मोठा गाव, रोज त्या पाळीवरून येणारा जाणारा, आणि कोणीच काही पाहिलं नव्हतं.

"लिहून कायले पायजे?" इंद्रकुमार म्हणाला आणि त्यानं आपला मोबाईल ग्रामसेवकाच्या हातात दिला. "पहा साहेब. तीन उन्हाळे. नाव बी खाली लिहून हाय."

ग्रामसेवकानं चष्मा वर केला आणि तो मोठ्यानं वाचायला लागला. "शामकलाची वाडी, तलावाच्या पोटात. काकडी लागली." बोट सरकवलं. "शामकलाची वाडी, औंदा डबल केली."

औंदा डबल केली! हे लिहिताना दुर्गेश्वरीला केवढा अभिमान वाटला होता मैत्रिणीचा. आता तेच शब्द परका माणूस साऱ्या सभेला वाचून दाखवत होता. शेजारचा गुडघा बाजूला सरकला, तेवढं तिला कळलं.

"फोटो कोनं काढले?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"माह्या घरवालीनं," इंद्रकुमार म्हणाला. "कोनी सांगतलं नोहोतं तिले. आपल्या मनानं काढले."

अरे माणसा! निदान तेवढं तरी बोलायचं नव्हतंस.

"तुहेच का वं, दुर्गेश्वरी?" सुमित्राबाई तिच्याकडं वळल्या.

नाही म्हणायची सोय कुठं होती? सारा गाव तिला मोबाईल घेऊन हिंडताना पाहत होता. "माहेच," ती म्हणाली. सुमित्राबाईंनी शामकलाकडं न पाहताच सांगितलं, दोन दिवसांत जागा खाली करा लागते बाई, मी तरी काय करू.

सभा सुटली. शामकला चपला पायात न घालता हातात घेऊनच तरातरा निघाली होती. दुर्गेश्वरीनं तिला हातपंपाजवळ गाठलं. "शामकला, थांब. मले माहीत नोहोतं वं. पोरीची शप्पथ."

"मले माहीत हाय तुले माहीत नोहोतं," शामकला म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती शांतपणे बोलली. "होळीपासून तुहा मालक घरोघरी फिरून रायला. भैयाजीले म्हनला, लिहून दे. मंदाबाईले म्हनला, सही दे. माह्यासंग बोलत नाई ते मंदाबाई, पन तिनं बी नाई देल्ली. मी म्हनलं, फिरू दे त्याले. गावात कोन बोलनार हाय माह्या खिलाफ?"

"मंग मले काऊन नाई सांगतली?"

"तुह्या घरात भांडन नोको म्हनून."

एवढं बोलून ती गेली. दुर्गेश्वरी पंपाच्या ओट्यावर बसून राहिली. भांडण नको म्हणून जी गप्प बसली, तिचंच घर आपण बुडवलं, हे तिच्या डोक्यात उतरायला बराच वेळ लागला.

घरी इंद्रकुमार खुशीत होता. "काऊन वं, तोंड पाडून बसली? साऱ्या सभेत नाव झालं तुहं."

"तुमी मले सांगून मांगितले असते तं?"

"तं देल्ले असते का?"

"नाई."

"मंग? त्यात चोरी कोनती? तुनंच काढले, तुनंच धाडले. भट्टी चालली तं पोरगी शिकन. तुले चांगल्या कॅमेऱ्यावाला मोबाईल घेऊन देतो ना आता."

त्याला खरोखरच काही वावगं वाटत नव्हतं. तेच तिला जास्त लागलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं लपवलंही नाही. "मले वाटलं, तुमाले फोटो आवडतात."

तो हसला. वाईट बुद्धीनं नाही, खरंच हसू आलं म्हणून हसला. "फोटोत काय ठेवलं हाय आवडाले?"

तेव्हा दुर्गेश्वरीला कळलं की यानं एकही फोटो पाहिला नाही. खालचं नाव तेवढं वाचलं. इतके दिवस संध्याकाळ झाली की वेणीफणी करून आपण कोणासाठी वाट पाहत होतो, या विचारानं तिची तिलाच लाज वाटली, आणि त्याचा असा राग आला की हातातलं पातेलं त्याच्या अंगावर फेकावं. फेकलं नाही. भात उतरवला, त्याला वाढला आणि आपण न जेवता तशीच पडली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी पाळीवर ट्रॅक्टर येऊन उभा होता. दुर्गेश्वरी मोबाईल घरी टाकून, टोपलं घेऊन वाडीत उतरली. शामकलानं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दोघींनी दोन कडांनी तोडायला सुरुवात केली. मोठं तोडलं, कोवळं तोडलं, ज्यांच्या टोकाला अजून फूल चिकटलेलं होतं त्या बोटभर काकड्याही तोडल्या. ठेवून कोणासाठी ठेवायच्या?

ऊन डोक्यावर आलं तेव्हा वाडी रिकामी झाली. शामकलानं माल ओढून एका जागी केला, त्यातला एक वाटा वेगळा काढला आणि दुर्गेश्वरीच्या टोपल्यात टाकला.

"घेय."

"कायले?"

"सकारपासून राबली ना. मजुरी होय तुही."

तोडणीला लावलेल्या बाईला जाताना मालातला वाटा द्यायचा, ही तिकडची रीतच. पण तो कामाच्या बाईला. मैत्रिणीच्या पदरात मूठभर टाकतात, न मागता, न मोजता, जाता जाता. या दोघींनी आजवर एकमेकींच्या किती कामाला हात लावला असेल, पण मजुरी हा शब्द कधी मध्ये आला नव्हता. दुर्गेश्वरीच्या तोंडाशी आलं, नको वं, असं नको करू. पण तसं म्हणायचं म्हणजे मैत्रीण म्हणून म्हणायचं, आणि ते तोंड तिच्याजवळ उरलं नव्हतं. तिनं टोपलं डोक्यावर घेतलं. शामकलानं उचलायला हात लावला नाही.

मागून इंद्रकुमार घरी आला, अंगभर धूळ घेऊन. ओसरीवर टोपलं दिसलं तशी त्यानं त्यातली एक काकडी उचलली, धोतराला पुसली आणि कचकन चावली.

"लय कवळी हाय! शामकलानं देल्ली का? पाह्य, मी म्हनलोच होतो, राग काय, दोन दिवसाचा."

दुर्गेश्वरी आतून आली आणि तिनं त्याच्या हातातून ती उष्टी काकडी काढून घेतली. तो पाहतच राहिला.

"अवं, काऊन?"

"माही मजुरी होय ते," ती म्हणाली. "तिनं मले मजुरीन केली आज. तुमी याले हात नोका लावू." आणि टोपलं उचलून ती आत गेली.