जोडीतला बाहेरचा

मी बोलतोय, तेही हळू आवाजात, म्हणून दचकू नका. मी गाडीचा हॉर्न आहे. एरवी माझं बोलणं म्हणजे नुसतं बोंबलणं.

मी कंपनीचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. एका छोट्या कारखान्यात, पत्र्याच्या शेडखाली माझा जन्म झाला. तिथल्या बाईनं एकदा वाजवून पाहिलं आणि "खणखणीत आहे हो" म्हणून मला पुढे सरकवलं. तेवढ्या कौतुकावर मी दुकानाच्या फळीवर कितीतरी दिवस खुशीत काढले.

मग एका बेकरीवाल्याच्या जुन्या गाडीसाठी मला गॅरेजात आणलं. मेकॅनिकनं त्याला बजावलं, की ब्रेकचे पॅड कंपनीचेच घ्या, तिथे चालढकल नको. हॉर्न मात्र बाहेरचा चालेल, त्याला काय, ओरडायचंच तर आहे. बरोबरच होतं त्याचं, पण लागलं हो मला.

या गाडीला पुढच्या जाळीमागे दोन हॉर्न, एक जाड आवाजाचा, एक बारीक. बारीक आवाजाचा बिघडला तो बेकरीवाल्याचे वडील गेले त्याच सुमारास, आणि तेव्हा दुरुस्तीचं कुणाला सुचणार? त्याच्या जागी आता मी आलो. शेजारचे थोरले मूळचे, कंपनीचे. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आमचा सूर काही केल्या जुळेना.

बेकरीवाल्याच्या आईला दिसत नाही. पूर्वी बापलेक बेकरी बंद करून एकत्र यायचे, फाटकाशी हॉर्न वाजला की ती चहा टाकायची. मी पहिल्यांदा वाजलो, त्या संध्याकाळी तिनं एकाऐवजी दोन कप भरले आणि विचारलं, बरोबर कोण आलंय?

कोणी नाही, नवा हॉर्न आहे, असं मुलानं समजावलं. ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन कप. एक तसाच निवून जायचा. म्हातारीचं डोकं फिरतंय की काय, या धास्तीनं त्याची झोप उडाली. दुकानं पालथी घालून त्यानं कंपनीचा हॉर्न शोधून आणला. खोका उघडताना पाहिला आणि माझं अवसान गळालं. मी आता भंगारात जाणार.

"आई, हा बाहेरचा काढून टाकतो. तुझा उगाच गोंधळ होतो."

"गोंधळ कसला? हॉर्न आहे, कळतं मला," ती म्हणाली. "पण तुझे बाबा गेल्यापासून तू एकट्याच्या आवाजात यायचास. जीव तुटायचा रे माझा. आता कुणीतरी तुझ्याबरोबर येतं. राहू दे त्याला."

 मग त्यानं खोका बंद केला, दुसरा कप उचलून आईच्या हातात दिला आणि तिच्याशेजारी पायरीवर बसला. तेव्हापासून तो कप निवत नाही.

थोरले अजून माझ्याशी बोलत नाहीत. नसू देत. तुम्ही मात्र ब्रेक घेताना मेकॅनिकचं ऐका, कंपनीचेच घ्या. हॉर्न निवडाल तेव्हा फक्त एवढं करा, तो ऐकून घरात कोण उठतं, त्या माणसाला आधी विचारा.