सातशे एकोणिसावं अक्षर

गौतमीने आपल्या भावाच्या, राजरत्नच्या जनुकाचा अक्षरक्रम ऑनलाइन डेटाबेसच्या चौकटीत चिकटवला आणि बटण दाबलं. उंदीर, कोंबडी, बेडूक, मासा. प्रत्येकातल्या त्याच जनुकाची ओळ पडद्यावर एकाखाली एक उतरत गेली. सातशे एकोणिसाव्या जागी सगळ्यांचं अक्षर जी. राजरत्नचं तेवढं ए.

त्याच्या जनुक-तपासणीच्या रिपोर्टात त्या बदलापुढे ‘अर्थ अनिश्चित’ असं छापलं होतं. माशापासून माणसापर्यंत जे अक्षर कुठेच हललं नाही, ते याचंच हललं होतं; म्हणजे बदल निरुपद्रवी नसणार.

राजरत्न सव्वीस वर्षांचा होता. फेब्रुवारीत आमेर किल्ल्याचा चढ चढताना मित्राशी बोलता बोलता खाली बसला, तो उठलाच नाही. हृदयाचा स्नायू जाड झाला होता, हे नंतर कळलं. तेव्हापासून आईचं एकच पालुपद होतं, “माझ्याच रक्तातलं. माझा भाऊ नाही का असाच गेला?” तिचं म्हणणं कुणी खोडून काढलं नव्हतं.

गौतमीने घरातल्या तिघांच्या ओळी खाली लावल्या. विद्याधर नगरच्या जनुक-तपासणीच्या कंपनीत ती अनोळखी लोकांसाठी रोज हेच करायची. बोटं सवयीने चालत होती.

रेल्वेतून निवृत्त झालेले तिचे वडील, उत्तम, खुर्ची ओढून शेजारी बसले.

“माझी ओळ कोणती?”

तिने बोट ठेवलं. त्यांनी चष्मा सारखा केला.

“ए. मतलब, राजूसारखं.”

“हो, पप्पा.”

“आणि तुझं?”

“जी. आईचंही जी.”

त्यांनी मान हलवली. आपण वाचलो, असं गौतमीने मनात म्हणून पाहिलं. आत काहीच हललं नाही.

उत्तम उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. गौतमीची आई, रत्नमाला, कणीक मळत होती.

“रत्ना, तुझ्याकडचं नव्हतं ते. माझ्याकडून आलं.”

तिचे हात परातीत थांबले.  मग ती पुन्हा मळू लागली.

तेवढ्यात बेल वाजली. गॅसवाला भरलेलं सिलिंडर उंबऱ्याशी ठेवून निघून गेला. उत्तम नेहमीसारखे ते उचलायला वाकले.

“राहू द्या.”

रत्नमाला कणकेच्या हातांनीच बाहेर आली होती.

“अगं, नेहमीचंच तर—”

“तुम्ही नाही उचलायचं आता.” तिने सिलिंडरची कडी धरली. “गौतमी, ये. त्या बाजूने धर.”

उत्तम भिंतीला टेकून त्यांना वाट देत उभे राहिले.