नमुना घर

टकळीने कोपरापर्यंत हात खताच्या ड्रममध्ये खुपसला आणि मूठ बाहेर काढून नाकाशी धरली. आंबट. परवा वाळका पाला टाकला, काल लाकडाचा भुसा टाकला, आज उठल्या उठल्या, दातसुद्धा न घासता, आणखी भुसा टाकला, तरी आंबटच. मुठीत सालींबरोबर भाताचा पांढरा लगदा होता आणि पावाचे भिजके तुकडे. तिने ते घाईघाईने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पुन्हा हात घातला. जितकं काढावं तितकं खालून येतच होतं, आणि तपासनीस बाई कुठल्याही क्षणी येणार होत्या.

खताची ही सरकारी योजना घरात आणली होती ती टकळीनेच. तशी ती घरात चोवीस तास बोलायची, म्हणून तर आजोबांनी हे नाव ठेवलं होतं. पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तिच्या तोंडाला कुलूप. यंदा काय झालं कुणास ठाऊक. शाळेत योजनेची माहिती ऐकली आणि ही बया दारोदार फिरली, सह्या गोळा केल्या, इमारतीच्या सभेत उभी राहून बोलली. शिजवलेलं अन्न वाया जाऊ द्यायचं नाही, साली-देठांचं घरच्या घरी खत करायचं, एवढीच अट. आधी एका घरात ड्रम ठेवून पाहणार, तिथे जमलं तर सगळ्या इमारतीला अनुदान. तळमजला आणि मागे चिमूटभर अंगण म्हणून नमुना घर ठरलं ते टकळीचं. त्या दिवशी अध्यक्षकाका म्हणाले होते, पोरीने काय भाषण ठोकलं! तिच्या बडबडीला कोणी भाषण म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. आज ड्रममध्ये शिजवलेलं सापडलं, तर ती पुन्हा नुसती बडबड होणार होती.

आणि घरात तर कोणी शीतभरही टाकत नव्हतं. टाकायची बिशाद नव्हती. जेवणं झाली की टकळी प्रत्येकाचं ताट बघायची. बाबा वैतागून म्हणायचे, मी जेवतोय की परीक्षा देतोय? आई कढईतलं उरलेलं गुपचूप स्वतःच संपवायची. एकटे आजोबा पहिल्या दिवसापासून पहिल्या नंबरात. निवृत्त बस कंडक्टर, शिस्तीचा माणूस. ऊन खात जेवतो म्हणून ताट घेऊन मागच्या अंगणात खुर्चीवर बसायचे आणि परत आणायचे ते ताट असं, की घासायला घेणाऱ्याला लाज वाटावी. टकळीने भर सभेत त्यांना उभं केलं होतं. हे माझे आजोबा, यांच्याकडून शिका, म्हणाली होती. टाळ्यांचा कडकडाट झाला होता.

मग हा भात कुणाचा?

टकळीने मान वर करून भिंतीपलीकडे पाहिलं. कमरेएवढी भिंत, पलीकडे अरुंद गल्ली, तिथेच शिंपीणकाकूंची खिडकी आणि शिलाई मशीनची खडखड. सही मागायला गेली तेव्हा याच काकू म्हणाल्या होत्या, माणसांना घरं मिळेनात आणि सालींना ड्रम मिळतायत, चांगलं चाललंय. सही केली होती, पण हसत हसत. भिंतीवरून हात लांब केला की ड्रमचं झाकण. टकळीच्या डोक्यात सगळं लख्ख जुळलं.

तपासनीस बाई आल्या त्या अध्यक्षकाकांना मागे घेऊनच. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि ते बाईंना इमारतीची पाण्याची टाकीसुद्धा दाखवायच्या बेतात होते. बाई दमलेल्या होत्या. आईने चहा विचारला, त्यांनी मानेनेच नको म्हटलं, रबरी हातमोजे चढवले आणि लांब दांड्याचं फावडं थेट तळापर्यंत घातलं. टकळीचा हात तिथवर पोचलाच नव्हता. आजोबा खुर्चीत बसून होते. ते उठून आत जायला निघाले, पण वाटेत अध्यक्षकाका उभे होते, म्हणून पुन्हा बसले.

फावडं वर आलं. त्यावर पांढरं, चिकट, सालींपेक्षा जास्त.

"हे शिजवलेलं आहे," बाई म्हणाल्या.

"आमचं नाही ते," टकळी म्हणाली. आवाज तिने मुद्दाम चढा ठेवला. "भिंतीवरून कोणीतरी टाकतं."

मशीन थांबलं. शिंपीणकाकू गळ्यात टेप घेऊनच भिंतीपाशी आल्या.

"कोणीतरी कशाला म्हणतेस? माझ्याकडे बघून म्हण ना," त्या म्हणाल्या. "अगं, आमच्याकडे भात उरायला आधी तो पुरायला तर हवा."

अध्यक्षकाकांनी दोन्ही हात वर करून दोन्हीकडे शांत शांत केलं. मग बाईंना समजावू लागले, की गल्लीतून शंभर माणसं जातात, पोरंटोरं असतात, कुणाकुणाला अडवणार? बाईंनाही फार ताणायचं नसावं. बाहेरून पडलं असेल तर तसा शेरा देता येतो, अनुदान अडत नाही, त्या म्हणाल्या. टकळीने श्वास सोडला. सकाळपासून पहिल्यांदा तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

बाई फावड्यावरचा लगदा बोटाने पसरून बघत होत्या.

"घरात बाळ आहे का कोणी?"

"नाही बुवा," आई म्हणाली. "का?"

"चावलेलं आहे हे. अगदी बारीक चावून मग बाहेर टाकलंय. पावसुद्धा."

शिंपीणकाकूंची नजर खुर्चीकडे गेली होती. टकळीनेही तिकडे पाहिलं. आजोबा सदऱ्याच्या काठाचा एक सुटलेला धागा ओढत बसले होते, सावकाश, तो न तुटेल अशा बेताने. वरचं बटण लावलेलं होतं, तरी कॉलर आणि मान यांच्यामध्ये मूठ मावेल एवढी फट होती. आजोबा बारीक झाले, बरं झालं, तब्येत सुधारली, असं घरात सगळेच म्हणत होते. टकळी सगळ्यांत मोठ्याने म्हणत होती.

"मग बाहेरचंच लिहू ना?" बाईंनी विचारलं.

"लिहा, लिहा," अध्यक्षकाका म्हणाले.

बोलायचं म्हणजे काय करायचं, हेच टकळीला आठवेना. आई तिच्याकडे बघत होती, काका बघत होते. आजोबा तेवढे बघत नव्हते.

"नको," ती म्हणाली. "आमच्याच घरचं आहे."

काकांनी कपाळाला हात लावला. सगळ्या इमारतीचं नुकसान करतेस पोरी, असं काहीसं ते म्हणाले, पण टकळी तोवर खुर्चीपाशी जाऊन उकिडवी बसली होती. हात सालींनी बरबटलेले, म्हणून तिने ते पाठीमागे धरले.

"आजोबा, गिळता येत नाही तुम्हाला?"

"पाव अडकतो," आजोबा म्हणाले, जणू बसमधल्या कुणा तिऱ्हाईताची तक्रार सांगत होते. "भातही आताशा अडकायला लागला. पाणी जातं. हळू प्यायलं की जातं."

"मग सांगायचं ना. ताटात ठेवायचं."

"टाळ्या वाजवल्या होत्या ना सगळ्यांनी," ते म्हणाले आणि थोडंसं हसले.

आई खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तपासनीस बाईंनी फावडं भिंतीला टेकवलं आणि ड्रमचं झाकण आवाज न करता लावलं. लिहायचं काय, ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

शिंपीणकाकू घरात जाऊन आल्या. भिंतीवरून त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. टकळीने हात फ्रॉकला पुसले, पेला घेतला आणि आजोबांच्या ओठांना लावला. त्यांनी एवढासा घोट घेतला. गळ्याची घाटी वर गेली.

टकळी त्या घाटीकडे बघत राहिली. घाटी अजून खाली आली नव्हती.