खिडकीपलीकडची वंदना

भरवेलीच्या खाण कॉलनीत गीताचं घर विहाराला लागून होतं. संध्याकाळी वंदना सुरू झाली की बायकांचे आवाज थेट तिच्या स्वयंपाकघरात यायचे. पूर्वी पांढरी साडी नेसून सगळ्यांच्या आधी तीच पोचायची. पण बाळ पोटातच गेलं, तेव्हापासून ती विहाराची पायरी चढली नव्हती.

आधी बायका घरी यायच्या. "सारं अनित्य आहे बाई, मन घट्ट कर," म्हणायच्या. गीताला ते पटायचं, पण मन काही घट्ट होईना. झोप उडाली, छाती धडधडू लागली. शेवटी तिचा नवरा नागसेन तिला बालाघाटला डॉक्टरकडे घेऊन गेला. गोळ्यांनी झोप येऊ लागली. पण एवढा धम्म ऐकूनही आपल्याला गोळी लागते, याची तिला लाज वाटायची. वंदना सुरू झाली की ती खिडकी लावून घ्यायची, आणि मग त्याच खिडकीला कान लावून उभी राहायची.

एका दुपारी तुळसाबाई आल्या. विहारात वंदना त्याच सांगायच्या, बाकीच्या मागून म्हणायच्या.

"काहून येत नाही वं पोरी?"

"माझं मन तुमच्यासारखं नाही, काकी. मी गोळ्या खाऊन राह्यली."

तुळसाबाईंनी उठून दार लोटून घेतलं. "माझा पोरगा महागू तापानं गेला, तवा मी बी खाल्ल्या. कोणाले सांगतलं नाही. लोक म्हणतीन, वंदना सांगणारीच पागल झाली."

"मंग बऱ्या कशा झाल्या?"

"गोळीनं झोप आली. उठून बसाले मात्र माणसं लागले. अन् तो अजून बी आठवते. तू ये. तोंडातून शब्द नाही निघाला तरी ये."

पौर्णिमेला गीता गेली, मागे दाराशी बसली. पहिल्याच ओळीला ती थांबली. आजूबाजूचे आवाज तिच्याशिवाय पुढे गेले, पण तिला सोडून गेल्यासारखे वाटले नाहीत.

वंदना संपल्यावर तुळसाबाईंनी आपल्या गोळ्यांची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. मग पुढे बसलेल्या विमलाबाईंनी हळूच विचारलं, "कोणत्या डॉक्टरले दाखवलं होतं, काकी?"

गीता तेव्हा रडली, पहिल्यांदाच माणसांत बसून. शेजारणीचं बाळ रांगत तिच्याजवळ आलं. तिनं त्याला उचललं नाही, फक्त पाहत राहिली. आपलंही आता एवढंच असतं.