मागची सीट

निळा द्या, निळा द्या म्हणून मी किती डोकं फोडलं, पण बायकोचं ऐकतील तर ते आमचे हे कसले. आजही कुणी विचारलं, नागोरावाची मोटार कशी गेली, तर मी सरळ सांगते की रंगानं गेली. ऐकणाऱ्याला वाटतं, बाईचं डोकं फिरलं आहे. वाटू दे.

ढाणकीत वामनरावांचं कापसाचं जिनिंग होतं आणि त्यांची एक शेवरलेट मोटार होती. आमचे हे लढाईत फौजेचे ट्रक चालवून परत आलेले. आसपास दुसऱ्या कुणाला मोटार चालवता येत नव्हती, म्हणून वामनरावांनी ह्यांना ड्रायव्हर ठेवलं. आमच्या हातचं पाणी वामनरावांच्या वाड्यावर चालत नव्हतं, पण मोटारीवर हात चालत होता. मालकाकडे पाठ करून बसायची मुभा अख्ख्या गावात ह्यांना एकट्यालाच होती, आणि त्याचा ह्यांना केवढा तोरा.

मालक मागच्या सीटवरून उतरले, की हे पुढच्या सीटखालचं पिवळं फडकं काढायचे आणि मागची सीट पुसून घ्यायचे. इतकी वर्षं पुसली, पण तिच्यावर कधी टेकले नाहीत. माझी तर गोष्टच सोडा. मी वेचलेल्या कापसाचं गाठोडं घेऊन रस्त्यानं चालले असले आणि मागून गाडी आली, की हे हॉर्न द्यायचे आणि मी रस्त्याखाली उतरायची. माझ्याकडे बघायचेही नाहीत. घरी आल्यावर मात्र म्हणायचे, "तुह्या अंगावर धुराळा उडू नये म्हनून गाडी हळू घेतली म्या." मला तेव्हा तेही गोड वाटायचं.

पुढं वामनराव थकले, बाहेर पडेनासे झाले. मोटार जिनिंगच्या शेडमध्ये पडून राहिली. टपाला भोकं पडली, उंदरांनी सीट खाल्ली, बॉनेटखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या. हे पिठाच्या गिरणीवर इंजिन सांभाळायला लागले. एक दिवस वामनरावांनी बोलावून घेतलं आणि चार माणसांदेखत म्हणाले, "नागोराव, ने ती गाडी. तुलेच दिली." त्यानंतर वर्षभरातच ते वारले.

तांड्यावरच्या धनसिंगनं दोन बैलजोड्या जुंपून ती आमच्या दारात ओढून आणली. येताना रस्ताभर हसत होता. मला म्हणाला, "भाभी, आमच्या बापजाद्यायनं बैलावर मीठ वाह्यलं, धान वाह्यलं. मी मोटार वाहून राह्यलो. आता इले चारा काय टाकतेस?"

गाडी यायच्या आदल्या वर्षी आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. घरातले देव टोपलीत भरून पैनगंगेत सोडले, ती टोपली माझ्याच डोक्यावर होती. आईबापांनी माझं नाव उकंडा ठेवलं होतं. उकिरड्यावरची म्हटलं की पोर जगते, असा त्यांचा हिशेब. दीक्षेत मी सत्यशीला झाले. गावात कुणी जुन्या नावानं हाक मारली की मी मुद्दाम ओ देत नसे. हे मात्र लेकीच्या नावानं जयाची माय म्हणायचे, तेवढ्यावर मी समाधान मानलं.

गाडी दारात आली त्या दिवशी मी ह्यांना एकच गोष्ट मागितली. "जयाचे बाबा, वैशाखी पुनवेले उमरखेडले सभा हाय. मले मागच्या सीटवर बसवून न्या. ढाणकीच्या भर बाजारातून."

"नेतो ना," हे म्हणाले. "गाडी आपलीच हाय."

आपलीच. तो शब्द मी कितीतरी दिवस तोंडात घोळवत होते.

पैसे नव्हते, म्हणून जे करायचं ते घरीच आणि हातानंच. हे गिरणीतून आले की इंजिन उघडून बसायचे. गंज काढायचं काम माझं. राकेलचा बोळा फिरवायचा, मग विटेच्या तुकड्यानं घासायचं, मग पॉलिश पेपर. माझ्या हातांची सालटं निघाली. जिथं पत्रा खाल्लेला होता तिथं ह्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठोकला. खड्डे बुजवायला लांबी लागते, ती विकत कोण आणणार? खडूची पूड आणि जवसाचं तेल घेऊन मी ती कणकेसारखी मळली. तळाच्या फळ्या बाभळीच्या बसवल्या. टायर उमरखेडच्या भंगारातले, त्यांना आतून जुन्या रबराचे तुकडे लावले.

मागची सीट मात्र मी ह्यांना करू दिली नाही. शेतात शेवटच्या वेच्याला उरलेली बोंडं वेचून आणली, हातानं सरकी काढली आणि त्या कापसानं ती सीट गच्च भरली. वर लाल रेक्झिन घातलं आणि दाभणानं शिवलं. एकेक टाका घालताना मनात उमरखेडचा रस्ता होता. शिवून झाल्यावर मी तिच्यावर हात दाबून बघितला, पण बसले नाही. म्हटलं, बसायचं ते पुनवेलाच.

मग रंगावरून भांडण लागलं.

मी आधीच उमरखेडहून निळ्या रंगाचा एक डबा आणून ठेवला होता. आपली गाडी, आपल्या झेंड्याचा रंग, यात विचारायचं काय? ह्यांनी डबा हातात घेऊन फिरवला आणि खाली ठेवला.

"निळा नाई जमनार," हे म्हणाले.

"काहून?"

"इचा रंग डाळिंबी हाय. कंपनीतून आली तवापासून डाळिंबी हाय. जुनी गाडी नवी कराची म्हनजे तिचाच रंग द्या लागते."

"आपुन नावं बदलली, देव बदलले. गाडीचा रंग बदलाले तुमाले काय होते?"

"तुले गाडीतलं काई समजत नाई," म्हणाले, आणि विषय संपला.

लाल रंग आणला. पण लाल म्हणजे डाळिंबी नव्हे, त्याला गडद करावं लागतं. हे थोडं काळं घालून बघायचे, एका पत्र्यावर ओढायचे, आणि मडगार्डच्या आतल्या अंगाला जुना रंग टिकून होता त्याच्याशी ताडून बघायचे. जमेना. शेवटी माझा निळा डबा उघडला आणि त्यातला निळा लालमध्ये थेंब थेंब ओतत गेले. मी शेजारी उभी होते. काठीनं ढवळलं की निळी रेघ उमटायची आणि लालमध्ये जिरून जायची. मग एकदम हुबेहूब तो वामनरावांचा डाळिंबी रंग तयार झाला. ह्यांच्या तोंडावर असा आनंद मी जयाच्या जन्माच्या वेळीही बघितला नव्हता.

"पाह्य," म्हणाले, "तुहा निळा बी कामी आला."

मला रडू आलं, पण मी वाद घातला नाही. एवढी मेहनत झाली होती, रंगावरून कशाला विघ्न आणायचं, असं वाटलं. तिथंच चुकलं.

पहिला हात दिला तो वाया गेला. जिनिंग आमच्या वस्तीला लागूनच. हंगाम चालू होता आणि कापसाचा तुस हवेत उडत होता. ओल्या रंगावर तो येऊन बसला आणि सकाळी बघतो तर गाडीला पांढरी लव फुटलेली. सगळं पुन्हा खरवडलं. मग मी माझी जुनी लुगडी जोडून शिवली, बांबू रोवले आणि गाडीभोवती चारी बाजूंनी आडोसा केला. वर चादर. त्या आडोशात हे ब्रश चालवायचे आणि मी बाहेरून लुगड्यांना पाणी मारायची, म्हणजे तुस कापडालाच चिकटेल. धनसिंग येऊन म्हणाला, "भाभी, मोटार बाळंत झाली का?" अख्खी वस्ती हसली. मीही हसले. ते दिवस चांगले होते, हे मी नाकारत नाही.

चैत्र संपता संपता गाडी झाली. लुगडी काढली तेव्हा ऊन तिच्यावर पडलं आणि पोरंसुद्धा गप्प झाली. ह्यांनी हँडल मारलं, ती खोकली आणि सुरू झाली. वस्तीतली माणसं तोंडात बोटं घालून बघत होती. एक म्हातारा म्हणाला, "वामनरावाची गाडी वापस आली बाप्पा." ह्यांनी ते ऐकलं आणि खूश झाले.

गाडीची बातमी वाड्यावर जायला कितीसा वेळ लागणार? वामनरावांचा मुलगा, आम्ही त्याला धाकटे मालक म्हणायचो, बापाच्या मागं नागपूर सोडून ढाणकीत राहायला आला होता. तो स्वतः आमच्या वस्तीत आला. याआधी त्या घरातलं कुणी वस्तीत पाऊल टाकलेलं मी बघितलं नव्हतं. गाडीभोवती फिरला, दारावरून हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले, आणि ते अश्रू खोटे नव्हते, हेच वाईट.

"आबांची गाडी," तो म्हणाला. "रंगसुद्धा तोच. नागोराव, तू फार चांगली सांभाळलीस रे."

मी चुलीपाशी होते. तिथून मला ओरडावंसं वाटलं, सांभाळली नाही, दिलेली आहे, आमची आहे, ह्या हातांनी केलेली आहे. मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, हे बोलतील. मालक तिथं, दिवसाढवळ्या, सगळी वस्ती उभी. एक वाक्य बोलायचं होतं.

हे उभ्या उभ्या वाकले आणि म्हणाले, "तुमच्याच किरपेनं, मालक."

धाकट्या मालकाचं लग्न ठरलं होतं, पुनवेच्या चार दिवस आधीचं. वरातीला आबांचीच गाडी पाहिजे, आणि चालवायला तूच, असं म्हणून तो गेला. दोन दिवसांकरता, म्हणाला. हे लगेच गाडी पुसायला लागले.

वरात आमच्या वस्तीच्या तोंडावरून गेली. मी उभी होते. गाडीला झेंडूच्या माळा, मागच्या सीटवर नवरानवरी, मी शिवलेल्या टाक्यांवर बसलेले. हे पुढं, डोक्याला नवा फेटा. फेटा वाड्यावरून मिळाला होता. माझ्याकडे बघितलं नाही.

दोन दिवस झाले, चार झाले. पुनव आली. मी पांढरं लुगडं धुऊन ठेवलं होतं, ते नेसून बसले. हे दुपारी चालत घरी आले.

"गाडी?" मी विचारलं.

"शेडमंदी हाय. मालक म्हनले, राहू दे इथंच, सावली हाय. मले कामावर बी घेतलं पुन्हा."

"तुमी काय म्हनलं?"

"काय म्हनू? हाव म्हनलं."

"गाडी तुमची हाय ना? चार मानसात दिली ना?"

हे फेटा काढून खुंटीला लावत म्हणाले, "माही हाय ना. माह्याशिवाय कोन चालवते तिले?"

त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. वाड्यावरच्यांनी गाडी हिसकावली नव्हती. आमच्या ह्यांनी ती पहिल्या दिवसापासून त्यांच्याचकरता केली होती. ह्यांना स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. घरातले देव मी टोपलीत घालून नदीत सोडून आले, पण मालक काही त्या टोपलीत मावला नव्हता. मी त्या दिवशी इतकी रडले की जयाच्या लग्नातही तेवढी रडले नाही. हे मला पाणी आणून देत होते. का रडते, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. मी सभेला गेलेच नाही.

पावसाळा गेला. कापूस फुटला. एकदा मी उमरखेडच्या बाजाराहून पायी येत होते, एसटी चुकली होती. मागून गाडीचा आवाज आला. हॉर्न वाजला नाही, म्हणून मी वळून बघितलं. मालकाला उमरखेडला सोडून हे रिकामी गाडी घेऊन येत होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हे खाली उतरले आणि मागचं दार उघडून उभे राहिले.

"बस," म्हणाले. "तुले म्हनलं होतं ना, नेतो म्हनून."

मला नाही म्हणवलं नाही. मी बसले. माझ्या कापसाची सीट, माझे टाके. खिडकीतून शेतं मागं जात होती आणि ह्यांची पाठ पुढं होती. मी पायावर पाय ठेवून बसून बघितलं. पण सुख काही होईना. मी मनाला म्हणत होते, हेच तर मागितलं होतंस ना तू, सत्यशीला.

ढाणकी दिसायला लागली तशी गाडी हळू झाली. ओढ्याच्या अलीकडं, बाभळीच्या आडोशाला ह्यांनी ती थांबवली.

"इथंच उतर वो," मान न वळवता म्हणाले. "गावातलं कोनी पाह्यन."

मी गाठोडं घेऊन उतरले. ओढा ओलांडून वर आले आणि मागं बघितलं. ह्यांनी सीटखालचं पिवळं फडकं काढलं होतं. मागचं दार उघडून, वाकून, मी बसले होते ती जागा पुसत होते. रागानं नाही, घाईनंही नाही. रोज पुसायचे तशीच, कोपऱ्यातल्या टाक्यांतून बोट फिरवून.

मग त्यांनी दार लावलं. गाडी माझ्याजवळून गेली, तेव्हा ती अगदी हळू होती, माझ्या अंगावर धूळ उडू नये म्हणून.